तंबोऱ्यामागची शंभर वर्षे
कल्याण गायन समाज आणि देवगंधर्व महोत्सव

१९२६ साली कल्याणात गायन समाज स्थापन झाला, तेव्हा हिंदुस्थानी संगीत एका घरातून दुसऱ्या घरात बिऱ्हाड हलवत होते. संस्थानांचा आश्रय आटत चालला होता आणि लोकांचा आश्रय अजून पुरता मिळालेला नव्हता. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाणे शाळेत आणले होते. त्याआधी सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल करण्याचे धाडसही त्यांनीच केले होते. विष्णु नारायण भातखंडे यांनी १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवून पंडितांना आणि उस्तादांना एका मांडवाखाली आणले. समाज स्थापन झाला त्याच वर्षी भातखंड्यांच्याच प्रयत्नांतून लखनौचे मॅरिस कॉलेज उघडले आणि पुढच्या वर्षी मुंबईत रेडिओ सुरू झाला. अशा ऐन स्थित्यंतराच्या काळात कल्याणसारख्या गावाने गाण्यासाठी स्वतःची संस्था काढली, याचे मोल आज शंभर वर्षांनी अधिक कळते.

कल्याण हे काही संस्थान नव्हते. इथे राजा नव्हता, दरबारी गवई नव्हता. जुन्या बंदराचे वैभव मागे पडले होते आणि गावाची ओळख रेल्वेचे जंक्शन अशी झाली होती. ठाण्यापर्यंत आलेली आगगाडी १८५४ च्या मे महिन्यात कल्याणला पोहोचली आणि पुढे इथूनच एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे गेला. पण गावाला वाचनाची आणि सार्वजनिक कामाची सवय जुनी. सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आणि सुभेदारवाड्यातला गणेशोत्सव टिळकांच्या काळातला. ज्या गावात पुस्तके वर्गणीतून येतात, त्या गावात गाणेही वर्गणीतून येऊ शकते हा विचार त्या पिढीला अवघड गेला नसणार.

गायन समाज ही कल्पना महाराष्ट्रात नवी नव्हती. पुण्यात १८७४ मध्ये पूना गायन समाज निघाला होता आणि १९११ मध्ये भास्करबुवा बखले यांनी भारत गायन समाज स्थापन केला होता. या संस्थांची घडण ठरलेली होती. आठवडाभर वर्ग चालायचे, अधूनमधून सभासदांसाठी बैठक व्हायची आणि वर्षाकाठी एखादा उत्सव. वर्गात शिकणाऱ्याला बैठक ऐकायला मिळे. बैठक ऐकणाऱ्याच्या घरातले मूल वर्गात येई. उत्सवात दोघेही सतरंजीवर शेजारी शेजारी बसत. तिन्ही कामे एकमेकांवर उभी असतात. वर्ग नसेल तर उत्सवाला जाणता श्रोता मिळत नाही आणि उत्सव नसेल तर वर्गातल्या मुलाला आपण कशासाठी पलटे घोटतो आहोत हे कधी दिसत नाही. कल्याणचा समाज याच परंपरेतला. त्याच्या वार्षिक महोत्सवाला 'देवगंधर्व' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भास्करबुवांचेच नाव आहे, देवगंधर्व महोत्सव. म्हणून त्या नावापाशी थोडे थांबायला हवे.

भास्करबुवांचा जन्म १८६९ चा, गुजरातेतल्या कठोर गावचा. मुलगा गातो चांगला म्हणून किर्लोस्कर नाटक मंडळीत आला. 'रामराज्यवियोग' नाटकात त्याने कैकेयीची भूमिका केली आणि ते गाणे ऐकून बीनकार बंदे अली खाँ इतके प्रसन्न झाले की त्यांनी त्याला गंडा बांधला. पुढे वयात येताना आवाज फुटला. नाटक मंडळीत अशा मुलाचे जे व्हायचे तेच झाले, त्याचे स्थान गेले. काल ज्याच्यासाठी टाळ्या पडत होत्या, तो आज कोणाच्याच कामाचा नाही! भास्करबुवांनी त्या वयात जे केले ते आजच्या कोणत्याही उमेदवार गायकाने लक्षात ठेवावे असे आहे. ते पुन्हा शागीर्द झाले. बडोद्याला फैज महंमद खाँ यांच्याकडे ग्वाल्हेरची तालीम घेतली, मग आग्रा घराण्याच्या नत्थन खाँ यांच्याकडे, आणि पुढे स्वतः नावारूपाला आल्यावरही अल्लादिया खाँ यांच्याकडे जयपूरची गायकी शिकले. मध्ये धारवाडला ट्रेनिंग कॉलेजात संगीतशिक्षक म्हणून नोकरी केली. पंजाबात जालंधरच्या हरवल्लभ मेळ्यात ते गायले. हा मेळा १८७५ पासून चालत आलेला, आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या संगीत संमेलनांपैकी एक. त्यांचे गाणे तिथल्यांना इतके भावले की दिलीपचंद्र वेदी पंजाबातून त्यांच्याकडे शिकायला आले. 'विद्याहरण', 'स्वयंवर', 'द्रौपदी' या नाटकांच्या चाली त्यांच्या. बालगंधर्व त्यांचे शिष्य, मास्टर कृष्णराव त्यांचे शिष्य. १९२२ मध्ये ते गेले तेव्हा वय जेमतेम बावन्न होते.

तीन घराण्यांची तालीम घेतलेल्या गवयाचे नाव महोत्सवाला असणे हे समाजाच्या दृष्टीने मोठे सोयीचेही आहे. इथे कोणत्याही घराण्याच्या कलाकाराला परक्या घरी आल्यासारखे वाटू नये. ग्वाल्हेरवाल्याने बंदिशीची मांडणी नेटकी करावी, आग्रेवाल्याने नोमतोम आणि लयकारी करावी, जयपूरवाल्याने अनवट रागाची दुहेरी वीण उलगडून दाखवावी. या तिन्ही वाटा एकाच गळ्यातून गेल्या होत्या, त्याच्या नावाचा हा उत्सव आहे.

आता महोत्सव उभा कसा राहतो याविषयी. बाहेरून पाहणाऱ्याला पत्रिका दिसते, दिवे दिसतात, नामवंताचे मोठे छायाचित्र दिसते. संस्थेच्या इतिहासात मात्र त्या छायाचित्राच्या मागे बसलेल्या माणसाची नोंद व्हायला हवी. आपल्या संगीतात नवोदित आणि प्रस्थापित कलाकारांना एकत्र आणण्यासाठी वेगळी योजना करावी लागत नाही, ती परंपरेतच आहे. गुरू मध्ये बसतो, शिष्य मागे तंबोरा घेऊन बसतो. दोन-अडीच तास त्याने फक्त षड्ज-पंचम छेडत राहायचे. गुरूने मान वळवली की एखादी आलापी भरायची आणि गुरूचा हात उठला की गप्प व्हायचे. मास्टर कृष्णराव भास्करबुवांच्या मागे असेच बसले. मैफल कशी रंगते, कुठे श्रोता सुटतो आणि कुठे परत येतो, तबलजीला डोळ्यांनी काय सांगायचे असते, हे सारे मागे बसून कळते. ते कोणत्याही परीक्षेच्या अभ्यासक्रमात बसवता येत नाही. माझ्या मते संगीत महोत्सवाची खरी कसोटी एकच. मागे बसलेला हा मुलगा किंवा मुलगी काही वर्षांनी त्याच मंचावर मध्ये येऊन बसते की नाही?

मागून मध्ये येण्याचे हे चार हात सर्वांत कठीण असतात. संगीताच्या इतिहासात ज्यांना ते पार करता आले, त्यांच्या वाटेवर बहुतेक वेळा कोणते तरी संमेलन उभे होते. १९३६ मध्ये मुंबईच्या जिना हॉलमध्ये प्रा. बी. आर. देवधरांनी परिषद भरवली, तिच्यात शिवपुत्र कोमकली नावाचा बारा वर्षांच्या आतबाहेरचा मुलगा गायला आणि एका बैठकीत कुमार गंधर्व हे नाव सर्वतोमुखी झाले. पण देवधरांचे मोठेपण पुढे आहे. त्या मुलाला त्यांनी नुसता मंच दिला नाही, आपल्या शाळेत ठेवून घेतले आणि वर्षानुवर्षे शिकवले. १९४६ मध्ये सवाई गंधर्वांच्या षष्ट्यब्दीनिमित्त पुण्यात हिराबागेत समारंभ झाला, तिथे तरुण भीमसेन जोशी गायले आणि जाणत्यांनी कान टवकारले. गुरूच्या मृत्यूनंतर, १९५३ पासून, त्याच शिष्याने गुरूच्या नावाने पुण्याचा महोत्सव उभा केला. आकाशवाणीने १९५० च्या दशकात ऑडिशनची श्रेणीपद्धत आणली, रेडिओ संगीत संमेलन सुरू केले आणि तरुणांसाठी संगीत स्पर्धाही ठेवली. बी ग्रेडचा कलाकार ए ग्रेडला गेला की त्याला बाहेरगावची बोलावणी येऊ लागत. मुंबईत सूर सिंगार संसदेने 'कल के कलाकार' संमेलनातून कितीतरी कोवळ्या गळ्यांना आणि हातांना पहिली दाद मिळवून दिली.

या सर्वांच्या मानाने कल्याणचे आवार लहान. पण लहान गावाच्या महोत्सवाला एक गोष्ट सहज साधते, ती मोठ्या शहराच्या महोत्सवाला जड जाते. इथे कार्यकर्ता नवोदिताला नावाने ओळखतो. तो कोणाकडे शिकतो, विशारद झाला की अलंकारला बसला आहे, आवाज सध्या कसा आहे, घरी रियाजाला जागा आहे की नाही, हे माहीत असते. दोन खोल्यांच्या घरात, शेजारच्या भिंतीला कान लावून बसलेल्या परीक्षार्थी मुलाला सांभाळून, पहाटे खर्जाचा रियाज करणे काय असते हे डोंबिवली-कल्याणच्या लोकांना वेगळे सांगायला नको. त्या घरांतून आलेल्या मुलांसाठी संस्थेची एक रिकामी खोली आणि दोन जुळलेले तंबोरे हीच मोठी शिष्यवृत्ती ठरते.

तंबोऱ्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण महोत्सवाच्या पडद्यामागे सर्वांत जास्त जीव त्याच्यातच अडकलेला असतो. पुरुष गायक साधारण काळी एक किंवा काळी दोनमध्ये गातो, बाई काळी चार किंवा पांढरी पाच-सहाच्या आसपास. पुरुषी तंबोऱ्याची तार तेवढी वर खेचता येत नाही आणि बायकांच्या तंबोऱ्याची तार तेवढी उतरवली तर ती ढिली पडून जवारी बोलत नाही. म्हणजे दोन जोड्या हव्यातच. शिवाय पाठोपाठ दोन पुरुष गायक असले आणि दोघांच्या पट्टीत अर्ध्या स्वराचा फरक असला, तर मधल्या पंधरा मिनिटांत सगळे पुन्हा लावायचे. ग्रीनरूमच्या गारव्यात सुरात लागलेला तंबोरा मंचावरच्या दिव्यांखाली गेला की हळूहळू हलतो. म्हणून जाणता कार्यकर्ता तो थोडा आधीच मंचावर नेऊन ठेवतो. खुंटीने ढोबळ सूर आणायचा, मण्याने बारीक करायचा, मग घोडीवरचा दोरा केसभर पुढेमागे सरकवत जवारी उघडायची. जवारी नेमकी लागली की तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. तो गंधार ऐकू येईपर्यंत लावणाऱ्याने कोणाशी बोलू नये आणि कोणी त्याच्याशी बोलू नये. तबलजीचेही तसेच. तो पट्टीप्रमाणे दोन-तीन तबले घेऊन येतो. हातोडीने गठ्ठे ठोकत, चाट सगळ्या बाजूंनी एकसारखी बोलेपर्यंत फिरवत राहतो. प्रेक्षागृहात चुळबुळ सुरू होते आणि निवेदकाला घाई झालेली असते. अशा वेळी कलाकाराच्या बाजूने उभा राहणारा एक माणूस विंगेत असावा लागतो.

नामवंताला तो माणूस नसला तरी चालते. नामवंत स्वतःच साउंडवाल्याला सांगतो, मॉनिटरमध्ये तंबोरा वाढवा, हार्मोनियम कमी करा, आवाजाला घुमारा नको. नवोदित हे सांगत नाही. त्याला वाटते, आपण कोण सांगणार! तो जे मिळेल त्यात गातो. स्वतःचा आवाज नीट ऐकू न आल्याने वरच्या षड्जाला जरा चढतो आणि पहिल्या रांगेत बसलेले जाणते एकमेकांकडे पाहतात. त्या क्षणी त्याचे दोन वर्षांचे काम बिघडू शकते. म्हणून नवोदिताची ध्वनिचाचणी आधी आणि सावकाश व्हायला हवी. त्याच्या वतीने साउंडवाल्याशी कार्यकर्त्याने बोलावे.

वेळेचेही असेच. पंचेचाळीस मिनिटांची बैठक मिळालेला मुलगा महिनाभर घड्याळ लावून रियाज करतो. विलंबित एकतालातला ख्याल तीस मिनिटे, द्रुत दहा, शेवटी एक नाट्यपद किंवा अभंग. मग प्रत्यक्ष दिवशी दीपप्रज्वलन लांबते, सत्कार वाढतात, मनोगताला दोन शब्द म्हणून उभे राहिलेले पाहुणे बराच वेळ बोलतात आणि पहिल्या बैठकीची पंचेचाळीस मिनिटे पंचवीसवर येतात. कोणत्याही गावच्या, कोणत्याही महोत्सवात हे होताना दिसते. कापायचे असेल तर भाषण कापावे, हार-तुरे मध्यंतरात द्यावेत. पंचवीस मिनिटांत बडा ख्याल मांडता येत नाही. मांडायला गेले तर रागाची ओळखही होत नाही आणि गायकाचीही होत नाही.

रागसमयाच्या दृष्टीनेही कार्यक्रमाची आखणी हे शास्त्रच आहे. नाट्यगृहातले महोत्सव बहुधा संध्याकाळी सुरू होतात. मग येणारा प्रत्येक जण मुलतानी, पूरिया, मारवा, श्री, यमन, बिहाग, बागेश्री या पट्ट्यात फिरतो. आधीच्याने मारवा गायला तर पुढच्याने पूरिया कसा गावा? तेच स्वर, तीच वेळ. म्हणून कोण काय गाणार हे आधी विचारून ठेवावे लागते आणि ते विचारण्यासाठी अंगी बरीच नम्रता लागते, कारण मोठा कलाकार आयत्या वेळी मनात येईल ते गातो, आणि त्याने तसेच गावे. रात्र मोठी असती तर मालकंस, दरबारी, अडाणा आले असते. पण बंद नाट्यगृहाला ध्वनिक्षेपकाच्या दहाच्या नियमातून सूट असली तरी इथे दुसरे घड्याळ चालते. बदलापूर, टिटवाळ्यापासून ठाण्यापर्यंतच्या श्रोत्याचा एक डोळा शेवटच्या लोकलवर असतो. भैरवी सुरू झाल्यावर उठावे लागणाऱ्या रसिकाची तगमग ज्याने पाहिली आहे, तो कार्यक्रम वेळेवर सुरू करण्याचा आग्रह सोडत नाही.

या अडचणीला रविवारची सकाळची बैठक हे फार चांगले उत्तर आहे. सकाळी भैरव, ललत, तोडी, देसकार, जौनपुरी, मग सारंगाचे प्रकार. वर्षभर संध्याकाळच्या मैफली ऐकणाऱ्याला हे राग प्रत्यक्ष ऐकायला मिळतच नाहीत. तरुण गायकांनाही गुरूकडे शिकलेला तोडी लोकांपुढे मांडायला जागा मिळत नाही. सकाळच्या सभेला गर्दी कमी असते, पण येतो तो ऐकायलाच येतो. नवोदिताला याहून चांगला श्रोता कुठे मिळेल?

कल्याणच्या महोत्सवाचा विचार ठाण्याला वगळून करता येत नाही, आणि ठाणे म्हटले की पं. राम मराठे. १९२४ मध्ये पुण्यात जन्मलेले रामभाऊ आधी प्रभातच्या पडद्यावर आले. 'गोपाळकृष्ण'मधला कृष्ण आणि 'माणूस'मधला चहावाला पोऱ्या लोकांना आजही आठवतो. पण त्या यशावर ते थांबले नाहीत. भास्करबुवांप्रमाणेच तेही उघड्या मनाने गुरूमागून गुरू करत गेले. ग्वाल्हेरचे मिराशीबुवा, मास्टर कृष्णराव, वामनराव सडोलीकर, आग्र्याचे विलायत हुसेन खाँ आणि 'गुणीदास' जगन्नाथबुवा पुरोहित यांच्याकडे ते शिकले. यातला धागा पाहण्यासारखा आहे. मास्टर कृष्णराव हे भास्करबुवांचे शिष्य आणि विलायत हुसेन खाँ हे भास्करबुवांच्या गुरूचे, नत्थन खाँ यांचे पुत्र. म्हणजे कल्याणच्या महोत्सवाला ज्यांचे नाव आहे त्यांचे गाणे दोन वाटांनी ठाण्यात येऊन पोहोचले होते. रामभाऊंनी १९६३ च्या 'मंदारमाला'ला संगीत दिले, त्यात भूमिकाही केली आणि मागे पडत चाललेल्या संगीत नाटकाला पुन्हा गर्दी खेचून आणली. १९८९ मध्ये ते गेले. त्यांच्या स्मरणार्थ ठाणे महानगरपालिका दरवर्षी संगीत समारोह भरवते. त्यात ज्येष्ठ कलाकाराबरोबर एका तरुण कलाकाराचाही पुरस्काराने गौरव होतो. नगरपालिकेने रस्ते आणि गटारे यांच्या जोडीने ख्यालगायनाचाही खर्च अंदाजपत्रकात धरावा, ही या परिसराने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. गीतकार पी. सावळाराम ज्या शहराचे नगराध्यक्ष होते, त्या शहराला ती शोभते.

जगन्नाथबुवांकडे तबला शिकलेले आणि पुढे अहमदजान थिरकवाँच्या परंपरेत रमलेले भाई गायतोंडे हेही ठाण्याचेच. या परिसरातल्या तबलजींच्या दोन पिढ्यांवर त्यांच्या विचाराचा ठसा आहे. साथ म्हणजे नुसता ठेका धरून बसणे नव्हे आणि गायकावर चढून बसणे तर नव्हेच, हे त्यांनी वाजवून दाखवले. महोत्सवाच्या इतिहासात साथीदारांची नावे पत्रिकेच्या तळाशी, लहान अक्षरांत येतात. नवोदित गायकाला अनुभवी तबलजी आणि अनुभवी हार्मोनियमवादक द्यावा, हा जुन्या बैठकांचा शहाणपणा होता. समेवर यायला घाबरणाऱ्या मुलाला तबलजीची एक मोकळी मान आणि हार्मोनियमवाल्याने वेळेवर दिलेला एक सूर सावरून नेतो.

या पट्ट्याचे संगीत ख्यालापुरते नाही, हेही शताब्दीच्या ग्रंथात नोंदवले पाहिजे. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज कॅसेटच्या काळात कल्याणहून निघून महाराष्ट्राच्या वाडीवस्तीवर गेला आणि विठ्ठलाच्या भक्तिगीतांपासून भीमगीतांपर्यंत घराघरांत पोहोचला. डोंबिवलीत फडके रोडवर दिवाळीची पहाट गाण्याने उजाडते. तिथे नाट्यगीत आणि भावगीत ऐकत वाढलेला मुलगा पुढे ख्यालाकडे वळतो. खाडीकाठच्या गावांत आगरी-कोळी गाण्यांचा वेगळा संसार आहे, त्याचा स्वतःचा बाजार आहे, स्वतःचे स्टुडिओ आहेत. शास्त्रीय संगीताच्या संस्थांनी या शेजाऱ्यांशी बोलणे ठेवले तर दोघांचाही लाभ आहे. माइकपुढे उभे राहणे, ध्वनिमुद्रण, हिशेब, हक्क यांतल्या कितीतरी गोष्टी लोकगायक आपल्या मुलांना आपल्यापेक्षा चांगल्या शिकवतील.

खर्चाची बाजू थोडक्यात सांगतो. महोत्सव वर्गणीवर निघाला तरी वर्गणीवर पुरा होत नाही. कलाकारांचे मानधन, प्रवास, नाट्यगृहाचे भाडे, ध्वनिव्यवस्था, छपाई, चहापाणी. दर वर्षी यांतले प्रत्येक कलम वाढते आणि तिकीट तेवढे वाढवता येत नाही. तूट भरून निघते ती स्मरणिकेच्या जाहिरातींतून. मिठाईवाले, सराफ, सहकारी बँका, औषधांची दुकाने, बिल्डर, शिकवणीचे वर्ग, कोणाकोणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ दिलेली अर्धी पाने. दुपारच्या उन्हात दुकानादुकानांत पावतीपुस्तक घेऊन फिरणारा कार्यकर्ता मंचावर कधी दिसत नाही. करोनाच्या काळात नाट्यगृहे बंद झाली, दुकानेही बंद झाली आणि अशा सगळ्या संस्थांचे दोन्ही झरे एकदम आटले. ज्या संस्थांचे वर्ग फोनच्या पडद्यावरून का होईना चालू राहिले, त्या तरल्या.

आता पुढच्या कामाविषयी. आजचा तरुण गायक भास्करबुवांच्या जगात राहत नाही. त्याचे गाणे मैफल संपायच्या आत कोणाच्या तरी फोनवरून जगभर गेलेले असते. १९९४ च्या कायद्याने कलाकाराला आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला, १९९९ मध्ये त्याची मुदत पन्नास वर्षे झाली आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्या हक्काला आणखी बळ आले. पण किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक असते? आयोजकाने चित्रीकरण केले तर ते कुठे टाकणार, त्यातून उत्पन्न आले तर कोणाचे, हे गाण्याआधी कागदावर असायला हवे. ठरल्या तारखेला कार्यक्रम रद्द झाला तर काय, प्रवासखर्च मानधनात धरला आहे की वेगळा, साथीदाराला पैसे गायक देणार की संस्था, करकपातीचे प्रमाणपत्र केव्हा मिळेल, या प्रश्नांबद्दल गुरू बोलत नाही आणि शिष्य विचारत नाही. महोत्सवाच्या सकाळी, बैठकीआधी तासभर, एखादे ज्येष्ठ कलाकार, एक ध्वनिमुद्रक आणि एक वकील यांना विद्यार्थ्यांपुढे बसवावे. मोठ्या शहरांतल्या संगीत व्यवसायाच्या परिषदांत याच विषयांवर दिवसभर चर्चा होतात, प्रवेशशुल्क भरून. कल्याणच्या मुलांना ते समाजाच्या सतरंजीवर मिळावे.

आणखी एक मागणी मी या पानांतून आग्रहाने मांडतो. नवोदिताला मानधन द्यावे, आणि पाकिटात घालून हातात दडपण्याऐवजी पत्राने आधी कळवून द्यावे. मंच मिळतो आहे हेच मानधन, असे म्हणण्याची पद्धत सगळीकडे आहे. पण त्या मुलाने साथीदारांना रियाजासाठी बोलावलेले असते, तबल्याला पुडी बदलून घेतलेली असते, घरून निघताना रिक्षा केलेली असते. रक्कम लहान असली तरी चालेल. तिचे पत्र संस्थेच्या शिक्क्यानिशी यावे, त्यात बैठकीची वेळ आणि लांबी लिहिलेली असावी, साथीदारांची नावे असावीत, ध्वनिमुद्रणाची एक प्रत कलाकाराला मिळेल असे वाक्य असावे. आणि पत्रिकेवर त्याचे नाव ज्या आकाराच्या अक्षरांत छापायचे, त्याच आकारात तबला आणि हार्मोनियमवाल्यांचीही नावे यावीत.